पुन्हा उभा राहणारा दुकानदार

निवडणुकीची तारीख जाहीर झाली, की नांदेडच्या सिडको-हडकोपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय भाऊ, यंदा परत उभं राहायचं का?" ज्याला हा प्रश्न विचारतात तो कोणी बडा पुढारी नसतो. चौकात त्याची सायकल-मोटारसायकल दुरुस्तीची टपरी असते. नाहीतर शिलाईचे दुकान, किराणा, पिठाची गिरणी, चपला-बुटांचे दुकान किंवा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा असतो. तो दोन वेळा पडलेला असतो, कधी तीन वेळा. विचारणारा अर्धे थट्टेने विचारतो आणि अर्धे आशेने. घरात मात्र कोणी हसत नाही. मागच्या निवडणुकीचे कर्ज अजून फिटायचे असते.

असा एक माणूस जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. त्याच्याविषयी समाजात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, याला खुर्चीचे वेड लागले आहे, हा संसार बुडवणार. दुसरे म्हणते, हाच खरा लढवय्या, पडला तरी मागे हटत नाही. आम्हांला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. वारंवार उभे राहणे हे वेड नाही, आणि तेवढ्यावरून कोणी लढवय्याही ठरत नाही. दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षे त्या माणसाने कशी घालवली आणि घरच्यांना हिशेबात किती घेतले, यावर सारे ठरते. म्हणून या खेपेस हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. राजकारणाच्या पानावर निकाल छापून येतो. त्या निकालाची किंमत मात्र घरात मोजली जाते.

दुकानदारच का उभा राहतो?

आपल्या समाजातील शिकलेला माणूस पहिल्यांदा नोकरीकडे वळला. ते योग्यच झाले. पण सरकारी नोकराला निवडणूक लढवता येत नाही. लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे शिक्षक, कारकून, बँकेतला साहेब हे फार तर वर्गणी देतात आणि रात्री घरी बसून सल्ला देतात. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला पंधरा दिवस प्रचारात फिरणे परवडत नाही, कारण त्या पंधरा दिवसांत त्याची चूल थंड पडते. राहता राहिला छोटा दुकानदार. तो स्वतःचा मालक असतो. दुकानाला कुलूप लावायला त्याला कोणाची रजा लागत नाही.

दुसरे असे, की दुकान हेच वस्तीचे कार्यालय असते. रेशनकार्डाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, निराधार योजनेचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी या सर्व गोष्टी घेऊन माणसे त्याच्या फळीवर येतात. नांदेडच्या कापडगिरणीचा भोंगा एके काळी गावाचे घड्याळ होता. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांच्या घरांना पोटासाठी दुसरी वाट शोधावी लागली, आणि टपरी ही त्यातली सर्वांत जवळची वाट होती. गिरणीत युनियन पाहिलेल्या माणसाला सभा, निवेदन, मोर्चा नवा नसतो. त्याच्या टपरीवर वर्तमानपत्र येते, चर्चा होते. एक दिवस कोणीतरी म्हणते, "तुम्हीच का उभे राहत नाही?" आणि तिथून सुरुवात होते.

हा हक्क फुकट मिळालेला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांच्या मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आजी-आजोबांनी प्रथमच प्रौढ मताधिकाराने मत दिले. पुढच्याच, १९५७ च्या निवडणुकीत नांदेडमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेवर निवडून गेले. टपरीवाला जेव्हा उमेदवारी अर्ज भरतो, तेव्हा त्याच्या मागे हा इतिहास उभा असतो. त्याची थट्टा करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

हाक गल्लीपुरती, प्रभाग मात्र मोठा

मग हा माणूस पडतो का? लोक त्याला ओळखतात, त्याने कामे केलेली असतात, तरीही पडतो. त्याचे एक कारण साध्या गणितात आहे.

नांदेड आणि वाघाळा मिळून १९९७ साली महानगरपालिका झाली. लातूरची नगरपरिषद २०११ साली महानगरपालिका झाली. राज्यातील महापालिकांत प्रभागांची पद्धत दर निवडणुकीला बदलत गेली. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एका सदस्याचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचे प्रभाग झाले. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि पालिकेच्या जागा ८१. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे पावणेसात हजार माणसे. पण चार जणांचा प्रभाग झाला, की उमेदवाराला सत्तावीस हजारांच्या वस्तीत फिरावे लागते. लातुरात ७० जागा आणि १८ प्रभाग होते. तिथेही चारसदस्यीय प्रभाग वीस हजारांच्या पुढे जातो.

आता दुकानदाराची हाक किती दूर ऐकू जाते? चार गल्ल्या, फार तर सहा. तेवढ्या भागात त्याला मते पडतातही. परंतु प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला त्याचे नाव कोणी ऐकलेले नसते. तिथे पक्षाचे चिन्ह चालते, गाड्या चालतात, मोठ्या नेत्याची सभा चालते. चार यंत्रांवर चार बटणे दाबायची असतात, तेव्हा मतदार बहुधा एकाच चिन्हाची चार बटणे दाबून मोकळा होतो.

याचा पुरावा २०१७ च्या निकालात आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरची निवडणूक झाली. ७० पैकी भाजपला ३६, काँग्रेसला ३३ आणि राष्ट्रवादीला एक जागा मिळाली. आधीच्या, २०१२ च्या निवडणुकीत याच शहरात भाजपला एकही जागा नव्हती. ऑक्टोबरमध्ये नांदेडची निवडणूक झाली. तिथे ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसला मिळाल्या, भाजपला सहा, शिवसेनेला एक, आणि अपक्ष निवडून आला तो एकच. दोन्ही शहरांच्या मिळून १५१ जागा आणि त्यांत अपक्ष एक! लाट कोणाचीही असो, छोट्या माणसाची होडी तीत उलटते. जो दुकानदार "लोक मला ओळखतात" एवढ्या भरवशावर अपक्ष उभा राहतो, त्याने हा आकडा दुकानातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

याला जोडून आरक्षणाची सोडत येते. दर निवडणुकीला चिठ्ठ्या निघतात. पाच वर्षे ज्या प्रभागात माणूस राबला तिथली त्याच्या प्रवर्गाची जागा महिलेला जाते किंवा सरकते. आरक्षण फिरते राहिले पाहिजे, त्यामुळेच सर्वांना संधी मिळते, याविषयी आमचा वाद नाही. पण सोडतीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या अशा माणसाच्या मनात काय चालते, ते त्यालाच ठाऊक.

उधारीची वही आणि मतदार यादी

धंदा आणि निवडणूक यांचे एक विचित्र नाते आहे. ते बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. छोट्या दुकानाचा जीव उधारीत असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झाला, मजुरी मिळाली, की गिऱ्हाईक मागचे देते आणि पुढचे नेते. आता दुकानदार उमेदवार झाला, की त्या वहीतले प्रत्येक नाव मतदार यादीतही असते. उधारी मागावी तर मत जाते. न मागावी तर ठोक व्यापाऱ्याचे बिल कशाने द्यावे? निवडणुकीच्या दोन महिने आधीपासून वसुली थांबते. गिऱ्हाइकालाही हे कळते. काहीजण त्याच काळात जास्त उधार नेतात.

निकालानंतर दुसरा घोळ सुरू होतो. पडलेल्या माणसाला वाटते, या वहीतल्या निम्म्या लोकांनी मला मत दिले नाही. कोणी दिले, कोणी नाही, हे कळायचा मार्ग नसतो. मतदान गुप्त असते, आणि ते तसेच असले पाहिजे. पण संशय मनात राहतो. गिऱ्हाईकही ओशाळून दुसऱ्या दुकानी जाऊ लागते. विरोधी उमेदवाराच्या घरचे तर पाऊलच टाकत नाहीत. अशा रीतीने एका निवडणुकीत मते गेली तर गेली, बरोबर गिऱ्हाईकही जाते. पंधरा-वीस दिवस दुकान बंद राहिल्याचे नुकसान निराळेच.

खर्चाचे म्हणाल, तर अनामत रक्कम हा त्यातला सर्वांत लहान भाग. चहा, वडापाव, पेट्रोल, रिक्षा, बॅनर, पत्रके, ढोलताशा, कार्यकर्त्यांचे जेवण यांतच मोठी रक्कम जाते. पैसा कुठून येतो? भिशी उचलली जाते, पतपेढीचे कर्ज काढले जाते, शेवटी कपाटातला डबा उघडतो. त्यात घरच्या बाईचे दोन मणी आणि मुलीच्या लग्नासाठी जमवलेले चार तोळे असतात. आमच्या मते खर्चाचा खरा प्रश्न इथेच आहे. नवऱ्याने दुकानाचे भांडवल लावले तर तो त्याचा धोका. पण पोरांच्या शिक्षणाचे आणि बायकोच्या अंगावरचे लावायचे असेल, तर त्यावर तिची सही आधी हवी. आणि ती सही खुशीची हवी, रुसव्या-फुगव्यानंतर मिळालेली नको.

पडलेल्यांचा इतिहास

पुन्हा पुन्हा पडणे ही लाज आहे काय? आपल्या समाजाला हे कोणी शिकवायला नको. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. निवडून आले काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढवली. तिथेही आठ हजारांवर मतांनी पराभव झाला. ज्या माणसाने कोट्यवधी लोकांच्या हाती मत दिले त्याला त्या मतांनी दोनदा नाकारले. पण त्यांनी लोकशाहीचा मार्ग सोडला नाही. राज्यसभेत ते बोलत राहिले, लिहीत राहिले, आणि दोन वर्षांनी नागपूरला त्यांनी धम्मक्रांती घडवली. निवडणूक हा त्यांच्या कार्याचा एक भाग होता. तिच्यावाचून त्यांचे कार्य अडले नाही.

कांशीरामांचेही तसेच. ते १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंगांविरुद्ध पडले. पुढे १९९१ साली इटावातून निवडून आले. मायावती १९८४ साली कैरानातून, १९८५ साली बिजनौरमधून आणि १९८७ साली हरिद्वारमधून पडल्या. १९८९ साली त्याच बिजनौरने त्यांना लोकसभेत पाठवले. पण या पराभवांच्या मधल्या काळात गावोगावी सायकलवर फिरून संघटना बांधली जात होती, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक पराभवानंतर कार्यकर्ते वाढत होते.

लातूरकरांनी आणखी एक पराभव पाहिला आहे. १९९५ साली विलासराव देशमुख लातूरमधून शिवाजीराव कव्हेकरांकडून मोठ्या फरकाने पडले. चार वर्षांनी, १९९९ साली, तेच विलासराव राज्याचे मुख्यमंत्री झाले. आता यावरून आमच्या टपरीवाल्या भावाने धीर घ्यावा, पण तुलना करताना सावध असावे. विलासरावांच्या मागे पक्ष होता, कारखाने होते, बाभळगावची गढी होती. पडल्यावर त्यांना दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे नव्हते.

या विषयात देशात सर्वांत गाजलेले नाव आहे तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातील मेट्टूरचे के. पद्मराजन. त्यांचे टायर दुरुस्तीचे दुकान आहे. १९८८ पासून त्यांनी स्थानिक निवडणुकीपासून राष्ट्रपतिपदापर्यंत दोनशेहून अधिक वेळा अर्ज भरले आणि प्रत्येक वेळी ते पडले. नरसिंहराव, वाजपेयी, मोदी अशा पंतप्रधानांविरुद्धही ते उभे राहिले. त्यांना सर्वांत जास्त मते मिळाली ती २०११ च्या विधानसभा निवडणुकीत, स्वतःच्या मेट्टूरमध्ये. सहा हजारांच्या थोडी वर. ते स्वतःच सांगतात, की मला जिंकायचेच नाही, साधा माणूसही उभा राहू शकतो एवढे दाखवायचे आहे. दुकानाच्या कमाईतून लाखो रुपये त्यांनी अनामतीत घालवले आहेत.

पद्मराजन यांच्या चिकाटीचे आम्हांला कौतुक वाटते. पण आपल्या वस्तीला तेवढे परवडणारे नाही. त्यांचे उभे राहणे हे एका माणसाचे विधान आहे. आपल्याकडे नळाला पाणी नाही, नाली तुंबली आहे, विहाराच्या जागेचा सातबारा अडला आहे, रमाई आवासचा हप्ता थकला आहे. आपल्या उमेदवाराला जिंकायचे आहे, आणि नाहीच जिंकला तरी त्याच्या उभे राहण्याने यांतले एखादे काम पुढे सरकायचे आहे.

"मते खायला उभा केलाय"

छोट्या उमेदवारावर सर्वांत जिव्हारी लागणारा आरोप हा असतो. याला अमक्याने पैसे देऊन उभा केला, आपली मते फोडायला. कधी तो खरा असतो, हे नाकारून चालणार नाही. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत काय काय सौदे होतात ते नांदेडला माहीत आहे आणि लातूरलाही. जो एकदा असा 'बसला' त्याची किंमत वस्तीत कायमची ठरते. पुढच्या वेळी तो प्रामाणिकपणे उभा राहिला तरी लोक विचारतात, "यंदा कितीला?"

पण प्रत्येक वेळी हा आरोप खरा मानणे हाही अन्याय आहे. २०१९ च्या लोकसभेत नांदेडमधून वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाख ६६ हजार मते पडली. अशोकराव चव्हाण सुमारे चाळीस हजार मतांनी पडले. लगेच ओरड झाली, की मतविभागणी झाली. आम्ही इथे कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. पण एवढे विचारतो, की दीड लाखावर माणसांनी रांगेत उभे राहून दिलेले मत हे त्यांचे स्वतःचे मत नव्हते काय? मत कोणाच्या मालकीचे नसते. म्हणून ते कोणाला 'खाता'ही येत नाही. मोठ्या पक्षाला छोट्या माणसाची मते हवी असतील, तर त्याने ती मागावीत. त्याला तिकीट द्यावे, किमान त्याच्या वस्तीचे काम करावे.

या आरोपातून सुटण्याचा उमेदवाराकडे एकच उपाय आहे. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे त्याने वस्तीसमोर मांडावे. निवडणूक झाल्यावर विहारात बसून जमा-खर्च वाचून दाखवणारा उमेदवार पडला तरी त्याच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती होत नाही.

घरातली बाजू

आता थोडे घरातल्या बाईविषयी. प्रचाराच्या दिवसांत घरी वीस-पंचवीस माणसांचा चहा-स्वयंपाक तिच्याकडे असतो. दुकानाची फळी बंद पडू नये म्हणून गल्ल्यावर तीच बसते. मुलांची परीक्षा, सासूचे औषध, दळण हे चालूच असते. निकालाच्या दिवशी नवरा पडला, की तोंड लपवून बसायला त्याला घर मिळते. तिला मात्र त्याच संध्याकाळी नळावर जावे लागते, आणि तिथे दोन शब्द ऐकावे लागतात.

आणि तरीही आम्ही पाहतो, की पुष्कळ घरांत खरे राजकारण तिलाच जास्त कळते. कोणत्या गल्लीत कोण नाराज आहे, कोणाच्या सुनेला गॅसचे सिलेंडर मिळाले नाही, कोणाच्या घरी मयत झाली तेव्हा आपल्या घरचे गेले नव्हते, हे सर्व तिच्या ध्यानात असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या कारभारात स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. त्यामुळे प्रभाग महिलांसाठी सुटला, की नवऱ्याच्या नावाचे बॅनर रातोरात बायकोच्या नावाचे होते. अनेक ठिकाणी ती सहीपुरतीच नगरसेविका राहते आणि सभेबाहेर 'नगरसेविकापती' कारभार करतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती आपल्या समाजात तरी असता कामा नये.

नांदेडचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तिथे २०१७ साली शीलाताई भवरे महापौर झाल्या आणि त्यांच्यामागून २०१९ साली दीक्षाताई धबाले. सभागृहाच्या मुख्य खुर्चीवर आपल्या लेकी-सुना बसलेल्या या शहराने पाहिल्या. तेव्हा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला म्हणून कपाळाला हात लावून बसण्याचे कारण नाही. तीन वेळा पडलेल्या दुकानदाराच्या घरात कदाचित निवडून येण्याजोगी उमेदवार इतकी वर्षे चहा करीत बसली असेल! मात्र तिला उभे करायचे, तर बोलू द्या, फिरू द्या, फाइल वाचू द्या.

अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून

पुन्हा उभे राहायचे ठरले असेल, तर पती-पत्नीने आणि मोठ्या मुलांनी एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. पुढील गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट कागदांची. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि निवडून आल्यावर ते मुदतीत दिले नाही तर पद जाते. हा कागद निवडणूक लागल्यावर धावाधाव करून मिळत नाही, तो आजच काढून ठेवावा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर उमेदवारीचा प्रश्नच उरत नाही. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असेल, पालिकेच्या गाळ्याचे भाडे बाकी असेल, तर छाननीत हरकत येते.

दुसरी गोष्ट खास दुकानदारांची. उमेदवाराने किंवा त्याच्या पती-पत्नीने बेकायदा बांधकाम केलेले असेल, तर ते अपात्रतेचे कारण ठरू शकते. रस्त्यावर पुढे काढलेला ओटा किंवा परवानगीवाचून चढवलेला पत्र्याचा मजला विरोधकाला आधी दिसतो. तसेच पालिकेच्या ठेक्यात, मग तो मंडपाचा असो की पाण्याच्या टँकरचा, आपला वाटा असेल, तर निवडणूक आणि ठेका यांतून एक निवडावे लागते.

तिसरी गोष्ट खर्चाची. निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पडलेल्या उमेदवारालाही तो द्यावाच लागतो. "आता पडलोच, कशाला हिशेब?" असे म्हणून पुष्कळजण घरी बसतात आणि पुढची काही वर्षे अपात्र ठरतात. पुन्हा उभे राहू इच्छिणाऱ्याचा घात कित्येकदा मतदार करीत नाही, हा न दिलेला कागद करतो.

चौथी गोष्ट, एक आकडा ठरवावा. एवढेच घालायचे, यापुढे एक पैसाही नाही. तो आकडा घरच्या बाईने वहीत स्वतःच्या हाताने लिहावा. मुलांची फी, दुकानाचे खेळते भांडवल आणि तिचे दागिने त्या आकड्याच्या बाहेर ठेवावेत. प्रचाराच्या जोशात कोणी कार्यकर्ता "भाऊ, एक लाख अजून, सीट आपलीच" म्हणाला, तर त्याला ते पान दाखवावे.

आणि पाचवी गोष्ट, मागच्या वेळी कुठे किती मते पडली ते मतदान केंद्रवार काढावे. निकालाचा तक्ता मिळतो. ज्या केंद्रावर मागे वीस मते होती तिथे या वेळी दोनशे कशी होतील, याचे उत्तर नसेल, तर या खेपेस उभे न राहता दुसऱ्या चांगल्या माणसाच्या पाठीशी राहावे. त्यात कमीपणा नाही.

मधली वर्षे

२०२२ साली लातूर आणि नांदेड या दोन्ही पालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका लांबत गेल्या. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. नळ आला नाही तर कोणाला विचारायचे, हे लोकांना कळत नव्हते. या काळात काही वस्त्यांमध्ये मागे पडलेले उमेदवारच नगरसेवकासारखे राबले. टँकरसाठी अर्ज त्यांनी लिहिले, प्रशासकाच्या दालनाबाहेर ते बसले, पावसाळ्यात नालीत उतरले. काही वस्त्यांत मात्र मागच्या निवडणुकीचे उमेदवार बॅनर उतरवल्यापासून कोणाला दिसलेच नाहीत. उमेदवाराला ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हांला माहीत नाही.

लातूरकरांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले आहे. हंडाभर पाण्यासाठी रात्र जागलेली बाई मत देताना भाषण आठवत नाही, त्या रात्री रांगेत भांडण मिटवायला कोण उभा होता ते आठवते.

म्हणून शेवटी वाचकांनाही दोन शब्द. वस्तीत जो माणूस तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उभा राहतो आहे, त्याला आधी विचारा, मधल्या पाच वर्षांत तू कोणती तीन कामे केलीस? उत्तर मिळाले तर त्याला मत द्या, शक्य असेल तर शंभर-पन्नासची पावती फाडा, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दुकानाची उधारी निवडणुकीच्या आधी चुकती करा. त्याला एवढी मदत आपण सहज करू शकतो. उत्तर मिळाले नाही, तर त्याला तसे तोंडावर, पण प्रेमाने सांगा. टाळ्या वाजवून पुन्हा खड्ड्यात ढकलू नका.

निवडून येणे त्याच्या एकट्याच्या हाती नसते. दुकान वेळेवर उघडणे, हिशेब चोख ठेवणे, घरच्यांशी खरे बोलणे आणि वस्तीच्या अर्जावर सहीला उभे राहणे हे त्याच्या हाती आहे. एवढे ज्याने केले, त्याने पुन्हा अर्ज भरावा. आमच्या त्याला सदिच्छा आहेत.